टॉर्पेडो बॅट, एका मोसमानंतर: मिडल सरकलं, पुढे काय?

धोबीतलावच्या दुकानात इंग्लिश विलोची बॅट घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक ती उचलून दोनदा हवेत फिरवतं आणि विचारतं, "हिचं मिडल कुठे आहे?" चेंडू खाली राहतो अशा संथ खेळपट्टीवर मिडल टोकाकडे उतरलेलं हवं, उसळत्या खेळपट्टीवर जरा वर चढलेलं. बनवणाराही त्या हिशेबाने लाकूड ठेवतो आणि तासतो. एकाच वजनाच्या दोन बॅटींचा पिकअप वेगळा का लागतो, हे गल्लीतल्या पोरालाही समजतं.

बेसबॉलमध्ये हा प्रश्न शंभराहून जास्त वर्षं कुणी धड विचारलाच नाही. लांबी, वजन, हँडलची जाडी, नॉबचा (हँडलच्या शेवटच्या गाठीचा) आकार यांवर खेळाडू वाटेल तेवढी घासाघीस करत. बॅरल, म्हणजे चेंडू मारायचा जाड भाग, मात्र टोकाकडे जाड होत जाणार, हे ठरलेलं. टॉर्पेडो बॅटने बदललं ते एवढंच. सगळ्यात जाड भाग टोकावरून उचलून हातांच्या दिशेने आणला आणि टोक बारीक केलं.

गाजावाजा झाला तो २९ मार्च २०२५ मुळे. यांकी स्टेडियमवर मिलवॉकी ब्रूअर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) नेस्टर कोर्टेस याच्या पहिल्या तीन चेंडूंवर न्यूयॉर्क यांकीजच्या पॉल गोल्डश्मिट, कोडी बेलिंजर आणि अ‍ॅरन जज यांनी तीन होमरन मारले, म्हणजे आपल्या षटकारासारखे चेंडू सीमेपार धाडले. दिवसअखेर यांकीजचे होमरन झाले ९, सामना २०-९. संघातल्या पाच जणांच्या हातात ही विचित्र बॅट होती, आणि आठवडाभरात बॅट बनवणाऱ्यांकडे मागणीची रांग लागली. या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. त्या नऊपैकी तीन होमरन जजचे होते आणि त्याची बॅट जुन्याच घडणीची होती.

ही कल्पना अ‍ॅरन लीनहार्ट यांची. एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, मिशिगन विद्यापीठात अध्यापन, मग यांकीजच्या फलंदाजी विभागात नोकरी. बॅट गाजली तेव्हा ते मायामी मार्लिन्स या संघाकडे गेले होते. त्यांचा मुद्दा साधा होता. फलंदाज चेंडू जिथे मारू पाहतो तिथे लाकूड कमी आणि जिथे चेंडू लागूच नये तिथे जास्त, असं का?

बॅट हातात घेतली की आधी आठवतं ते लाटणं. पोटाशी फुगलेलं, टोकाला निमुळतं. साधी बॅट तालमीतल्या मुद्गलाच्या घराण्यातली, टोकाला भार असलेली. दोन्ही बॅटी ३३ इंची, ३१ औंसांच्या, म्हणजे साधारण ८८० ग्रॅमच्या घ्या. काट्यावर फरक शून्य. फिरवल्यावर टॉर्पेडो हलकी लागते, कारण तिचा भार मनगटाच्या जवळ आहे.

नियमाच्या चौकटीत ती चोख बसते. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, नियम ३.०२ सांगतो की बॅट एकाच लाकडाची, गोल आणि गुळगुळीत असावी, जाडी कुठेही २.६१ इंचांपेक्षा जास्त नसावी, लांबी ४२ इंचांच्या आत असावी. टोकाला वाटी कोरायची तर खोली सव्वा इंचापर्यंत. जाडी नेमकी कुठे असावी, याबद्दल एक अक्षरही नाही. म्हणून "ही फसवणूक आहे" या आरडाओरड्यात दम नव्हता. जपानच्या व्यावसायिक लीगनेही एप्रिल २०२५ मध्ये तिला परवानगी दिली.

आता खरा प्रश्न, फायदा किती? लाकडी बॅटचा गोड पट्टा टोकापासून साधारण ५ ते ७ इंचांत असतो. तिथे चेंडू लागला की हाताला काही जाणवत नाही, कारण बॅट थरथरते तेव्हा तो भाग जवळजवळ स्थिर राहतो. त्याच्या आत किंवा बाहेर लागला की ऊर्जा कंपनात जाते आणि हिवाळी सकाळी हाताला ज्या झिणझिण्या येतात त्या दुपारपर्यंत उतरत नाहीत. टॉर्पेडोत जाड भाग या पट्ट्यावर किंवा जरा आत आणलेला असतो. त्याने दोन गोष्टी होतात. जिथे मारायचं तिथे जास्त रुंद पृष्ठभाग मिळतो, म्हणजे चेंडू थोडा वरखाली लागला तरी खपून जातं. दुसरं, बॅट लवकर फिरते. ९५ मैल वेगाचा चेंडू पिचरच्या हातातून प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजापाशी, ०.४ सेकंदांत येतो; त्यात निर्णयाला दोन-चार मिलिसेकंद जास्त मिळणं ही मोठी कमाई.

पण हे फुकट नाही. टोकाचा भार काढला की बॅटचा वेग वाढतो, आणि टोकाकडे चेंडूला भिडणारं वस्तुमान कमी होतं. हातोड्याचं डोकं हलकं केलं तर तो भराभर चालतो, खिळा मात्र तेवढा आत जात नाही, तसंच. या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. त्यामुळे नेमका गोड पट्ट्यावर बसलेला फटका टॉर्पेडोने पूर्वीपेक्षा फार लांब जाईल, अशी आशा धरणाऱ्याचे पैसे वाया जातील. ही बॅट चांगला फटका आणखी चांगला करत नाही. हाताजवळ फसलेल्या चेंडूची इज्जत वाचवते, आणि त्याची किंमत बाहेरच्या चेंडूवर वसूल करते. टोकाला लागलेला फटका साध्या बॅटीपेक्षा जास्त मरतो.

आकडेही तेच बोलतात. सिअ‍ॅटल मरिनर्सचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा) कॅल राले २०२५ मध्ये टॉर्पेडो घेऊन खेळला आणि ६० होमरन मारून गेला; आधीच्या मोसमात त्याचे ३४ होते. कॅचरचा आणि दोन्ही हातांनी खेळणाऱ्या फलंदाजाचा, असे दोन्ही विक्रम त्याने मोडले. जॅझ चिझमचे ३१ झाले. जानकार्लो स्टँटनने केवळ ७७ सामन्यांत २४ मारले. इथपर्यंत वाचून कार्ड काढावंसं वाटतं. मग अँथनी व्होल्पी बघा. यांकीजच्या विश्लेषकांनी ज्याचा चेंडू सतत लेबलच्या बाजूला, म्हणजे हातांकडे आत, लागतो असं दाखवलं, म्हणजे ही बॅट ज्याच्यासाठीच घडवली असं म्हणता येईल, तो गडी .२१२ च्या सरासरीवर अडकला, होमरन १९. त्याच्या डाव्या खांद्याची इजा मोसमभर सोबतीला होती आणि ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. फाटलेला खांदा कोणत्याच आकाराची बॅट सांधत नाही. आणि जज? जुनीच बॅट, ५३ होमरन, .३३१ सरासरी, सरासरीत लीगमध्ये पहिला.

पूर्ण लीगचा हिशेब आणखी थंड आहे. २०२५ मध्ये होमरन आदल्या वर्षापेक्षा थोडे वाढले, तरी २०२३ एवढे झाले नाहीत. २०१९ चे ६,७७६ तर फारच लांब राहिले. पिचर बिचारे उपाशी मरतील, अशी एप्रिलमध्ये जी हाकाटी झाली ती जूनपर्यंत विरली. कोर्टेसच्या त्या दुपारीही यांकी स्टेडियमची उजवीकडची ३१४ फुटांची सीमा आणि चुकीच्या जागी पडलेले चेंडू या दोन्हींचा हात होताच.

विकत घ्यायची असेल तर आधी स्वतःचा चेंडू कुठे लागतो ते बघा. मोठ्या संघांकडे प्रत्येक फटका मोजणाऱ्या स्टॅटकास्ट यंत्रणेचे कॅमेरे आहेत. बाकीच्यांना पायाच्या पावडरचा फवारा पुरतो. बॅरलच्या शेवटच्या बारा इंचांवर पातळ थर मारा. टोकापासून दर इंचावर पेन्सिलने बारीक खूण करा. मग समोरून खरी पिचिंग घेऊन ४० चेंडू मारा. टी नावाच्या उभ्या खुंटीवर ठेवलेल्या चेंडूवर ही चाचणी करू नका. स्थिर चेंडूवर सगळेच नेमके मारतात आणि निकाल खोटा येतो. दर दहा चेंडूंनी ठसे मोजून पुसा, नाहीतर एकावर एक चढतात. निम्म्याहून जास्त ठसे ६ ते ९ इंचांच्या पट्ट्यात आले तर टॉर्पेडोचा विचार करण्यात अर्थ आहे. ते २ ते ५ इंचांत साचले तर ही बॅट घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. ठसे सगळीकडे विखुरले असतील तर खर्च बॅटवर नको, सरावावर करा.

चाचणी वेगवेगळ्या दिवशी दोनदा घ्या. थकलेला फलंदाज उशिरा फिरवतो, उशिरा फिरवलेल्या बॅटवर चेंडू आत लागतो, आणि एका दमलेल्या संध्याकाळच्या जोरावर माणूस टॉर्पेडोचा भक्त होतो.

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना नावावर विश्वास ठेवू नका. टॉर्पेडो हा नोंदलेला मापदंड नाही. टोक नावापुरतं घासून तेच लेबल लावलेल्या बॅटीही मिळतात. शिंप्याची टेप घ्या आणि टोकापासून दर इंचाला घेर मोजा. २.६१ इंच जाडीचा घेर साधारण ८.२ इंच, म्हणजे २०८ मिलिमीटर भरतो. साध्या बॅटीत टोकाजवळचे चार-पाच घेर जवळपास सारखे येतात. खऱ्या टॉर्पेडोत घेर चढतो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि मग झपाट्याने उतरतो. ते शिखर तुमच्या ठशांच्या पट्ट्यावर पडतं का, हा एकच प्रश्न. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे हेच माप मागा. देत नसेल तर दुसरीकडे जा.

लाकडाच्या बाबतीत आकारापेक्षा जास्त चुका होतात. मेपल आणि बर्च या बॅटींवर हँडलच्या बाजूला शाईचा एक ठिपका असतो. शाई लाकडाच्या रेषेबरोबर पसरते आणि रेषा बॅटच्या अक्षाला किती तिरकी आहे ते दाखवते. तीन अंशांपेक्षा जास्त तिरकी असेल तर ती बॅट मेजर लीगमध्ये चालत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये, कारण तिरक्या रेषेची बॅट मोडते तेव्हा तिचा भाल्यासारखा तुकडा उडतो. मेपल रेषांच्या सपाट तोंडावर मारायची असते, अ‍ॅश काठावर. लेबल त्याप्रमाणे छापलेलं असतं. मारताना लेबल आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवलं की बाजू आपोआप बरोबर येते. टॉर्पेडोत बॅरल ते हँडल हा उतार छोट्या अंतरात होतो, म्हणून रेषांची सरळता इथे आणखी महत्त्वाची. हात बसेपर्यंत नव्या बॅटने हाताजवळचे चेंडू जास्त लागतात, आणि बॅट तिथेच मोडते.

वजनाचा एक सापळा आहे. पिकअप हलका लागला म्हणून बरेच जण एक औंस जड मॉडेल मागवतात, "फटक्यामागे तेवढाच जास्त जोर" असं म्हणून. तसं केलं की वेगाचा फायदा गेला आणि टोकाचा तोटा उरला. आहे तीच लांबी, आहे तेच वजन ठेवा. निदान पहिल्या खेपेला. पकड आणि फिरवण्याची लय बदलते, तीही दोन आठवडे सरावात घालवा, सामन्यात नाही. स्टँटनच्या दोन्ही कोपरांना २०२५ च्या सुरुवातीला जो त्रास झाला त्यासाठी त्याने बॅटमध्ये केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवलं होतं. नेमका कोणता फेरफार ते त्याने सांगितलं नाही, पण कोपर दुखू लागलं तर थांबा, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

किंमत नामवंत कंपन्यांच्या बॅटीला २०० डॉलरच्या घरात, भारतात मागवली तर कुरिअर आणि आयात शुल्क वेगळं. साधी चांगली मेपल याहून स्वस्तात मिळते. लाकडी बॅट मोडणारच, म्हणून एकाच टॉर्पेडोवर सगळे पैसे लावण्यापेक्षा दोन साध्या घेणं पुष्कळांना परवडेल. अ‍ॅल्युमिनियम आणि कॉम्पोझिट बॅटींतली टॉर्पेडो आवृत्ती मात्र टाळाच. त्यांत भिंतीची जाडी बदलून भार हवा तिथे आधीपासूनच ठेवता येतो. बाहेरचा आकार बदलून वेगळं काही हाती लागत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी एक इशारा. शाळा-कॉलेजांत बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉल जास्त खेळलं जातं, आणि सॉफ्टबॉलच्या बॅटची जाडी २.२५ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. बेसबॉलची २.६१ इंची टॉर्पेडो पंच पहिल्याच तपासणीत बाजूला ठेवतील.

२०२६ च्या मोसमात काय बघायचं, तेही याच बॅटच्या नजरेतून. २०२६ पासून स्ट्राइक झोनवर, म्हणजे चेंडू फलंदाजासमोरच्या वैध चौकटीतून गेला (स्ट्राइक) की नाही या पंचाच्या निर्णयावर, यंत्राकडे दाद मागता येईल. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर निघाली तर संधी शिल्लक; मागू शकतात फक्त पिचर, कॅचर आणि फलंदाज, टोपीवर किंवा हेल्मेटवर टिचकी मारून, डगआउटकडे (संघ बसतो तिकडे) न बघता. झोनची रुंदी प्लेटची १७ इंच, वरची कड फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फूट सात इंची जजसाठी म्हणजे जमिनीपासून सुमारे २१ ते ४२ इंच. टॉर्पेडोशी याचा संबंध असा. टॉर्पेडोवाल्याला पिचर बाहेर टाकतो, कारण बारीक टोक तिथेच पोचतं. प्लेटच्या बाहेर दोन इंच पडलेल्या चेंडूवर कॅचर ग्लोव्ह आत ओढून स्ट्राइक मिळवत असे. आता त्या स्ट्राइकवर टिचकी पडेल. बाहेरचा खरा काठ तेवढा उरेल, आणि टॉर्पेडोचं दुखरं अंग थोडं झाकलं जाईल. आमचा अंदाज आहे की दाद मागण्याची सवय सगळ्यात आधी याच फलंदाजांना लागेल. वाया घालवलेली संधी मात्र आठव्या इनिंगला आठवेल.

लॉस एंजेलिस डॉजर्सना सलग तिसरं विजेतेपद खुणावतंय. १९९८ ते २००० च्या यांकीजनंतर ते कुणाला जमलेलं नाही. मुनेताका मुराकामी शिकागो व्हाइट सॉक्सकडून पदार्पण करतोय. जपानमध्ये २०२२ साली ५६ होमरन मारणारा हा डावखुरा चेंडू हुकवतोही भरपूर. ९७ मैल वेगाने हाताजवळ येणाऱ्या चेंडूंपुढे तो कोणत्या आकाराची बॅट उचलतो, त्याच्याकडे दुर्बीण लावून बघण्यासारखं आहे.

या मोसमाचा पहिला सामना २५ मार्च २०२६ ला, सॅन फ्रान्सिस्कोत, यांकीज विरुद्ध जायंट्स, नेटफ्लिक्सवर. भारतात २६ तारखेची पहाट, साडेपाचच्या सुमारास. ऑरॅकल पार्कमध्ये उजवी सीमा ३०९ फुटांवर आहे खरी, पण भिंत २४ फूट उंच, आणि उजव्या-मध्य भागात मैदान ४१५ फुटांपर्यंत लांबतं. यांकी स्टेडियममध्ये जो फटका पहिल्या रांगेत पडतो तो इथे भिंतीवर आपटून परत येतो. बेलिंजर किंवा चिझम बॅट घेऊन उभे राहिले की चेंडू किती लांब गेला ते सोडा. बॅटच्या कोणत्या इंचावर लागला ते स्लो मोशनमध्ये बघा, आणि पिचरने त्याच्या पुढचा चेंडू आत टाकला की बाहेर, तेही.

ज्यांनी बॅट घेतलीच आहे त्यांच्यासाठी शेवटचं. मेपल ओल शोषते. कोकणात आणि मुंबईत जून लागला की ३१ औंसांची बॅट नकळत जड होते आणि पिकअपचा सगळा हिशेब बिघडतो. ती गाडीच्या डिकीत किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आडवी ठेवा, आणि महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. दहा-बारा ग्रॅम वाढले असतील तर सामन्याआधी आठवडाभर पंख्याच्या वाऱ्याला ठेवा, उन्हात नाही. उन्हात टोकाच्या वाटीपासून केसासारखी चीर पडते, आणि टॉर्पेडोचं टोक मुळातच बारीक.